कापणाऱ्याची जागा

रविवारी कारखाना बंद असतो. तरी धाकट्याने सकाळीच दिवे लावले, कापायच्या टेबलावर लाल रेक्झिनचे तुकडे एकावर एक रचले आणि मागच्या घराच्या दारात जाऊन ओरडला, "आई, सगळ्यांना घेऊन पुढे ये. आज काय तो सोक्षमोक्ष लागू दे."

आईला असं ओरडून बोलावलेलं चालत नाही. ती मुद्दाम सावकाश आली, वाटेत फळीवरचा पितळी कप उचलून बाहीने पुसला, पुन्हा होता तिथे ठेवला आणि मगच शिवणयंत्राजवळच्या स्टुलावर बसली. तिच्यामागून थोरल्याची बायको आली, ओले हात झटकत. शेवटी थोरला आला. त्याच्या खुर्चीचं डावं चाक कुरकुरतं, म्हणून तो कुठे आहे ते घरात कुणाला विचारावं लागत नाही. खुर्ची ढकलत होती त्याची मुलगी, बारकी. आता चांगली चोवीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, पण एकदा बारकी म्हटलं की म्हातारी होईपर्यंत बारकीच.

"हे बघ आई," धाकट्याने एक तुकडा उचलला. "नाट्यगृहाच्या खुर्च्यांच्या पाठी. पाठी म्हणून सांगितलं, आणि या आपल्या थोरल्या साहेबांनी बैठकीच्या मापाने कापल्या. एक चुकली असती तर म्हटलं असतं, होतं माणसाकडून. सगळा तागा! परवा त्यांचा माणूस येऊन हसून गेला. दुसरा तागा आणलाय मी, पण आता याच्या हातात कात्री देणार नाही."

कारखान्यात थोरल्याला चेष्टेने मेजर म्हणतात. सैन्यात तो साधा ट्रक चालवत होता. रस्त्यात पुरलेल्या सुरुंगाने त्याची गाडी उडाली, पाठीचा कणा मोडला, आणि कमरेखालचं सगळं तिथेच संपलं. तो घरी आला तेव्हा वडील हयात होते. त्यांनी एका शब्दाने रडगाणं गायलं नाही. करवत घेतली आणि कापायच्या टेबलाचे चारही पाय कापून टाकले, खुर्चीत बसून हात टेबलावर पोचतील एवढे. "कापणाऱ्याची जागा तुझी," म्हणाले. तेव्हापासून बाकी सगळ्यांना त्या टेबलाशी वाकून काम करावं लागतं. धाकट्याची पाठ वीस वर्षं वाकून कामातून गेलीय. कणा मोडला एकाचा आणि पट्टा बांधून झोपतो दुसरा, असं तो हसत हसत सांगतो. पण हसतो फक्त तोंडाने.

"मुद्दाम करतो तो," धाकटा म्हणाला. "आकडा परत बोलला होता की नाही, विचार त्याला!"

या कारखान्यातला हा वडिलांचा नियम. मापणाऱ्याने माप ओरडून सांगायचं, कापणाऱ्याने ते ओरडून परत बोलायचं, आणि मग कात्री चालवायची. लिहायचं नाही. कागद हरवतो, तोंड हरवत नाही, असं वडील म्हणायचे. एकदा परत बोललं की आकडा कापणाऱ्याचा झाला, पुढे मापणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही. आणि थोरला तर असा परत बोलायचा, की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत! सैन्यातली सवय. त्याच्याइतका खणखणीत आकडा कुणी बोलत नसे. म्हणून तर धाकट्याचं डोकं उठायचं. तोंडाने बरोबर बोलतो आणि हाताने चुकीचं कापतो, याला दुसरं काय म्हणायचं? खोडसाळपणा. जळफळाट. कारखाना धाकट्याच्या नावावर झाला त्याचा राग.

"बोलला होता," थोरल्याची बायको म्हणाली. "मी ऐकलं."

थोरल्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

दोन दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात ओट्यापाशी हे तिघांचं ठरलंच होतं, आईचं, धाकट्याचं आणि तिचं. गावाबाहेर अपंग सैनिकांचं वसतिगृह आहे. तिथे खोली मिळते, जेवण मिळतं, दिवसातून दोनदा परिचारिका येते. तिने हो म्हटलं होतं. लगेच म्हटलं होतं, आणि तेवढ्या लगेच म्हटल्याची नंतर तिची तिलाच लाज वाटली होती. पण काय करणार? कूस बदलून देणं, अंग पुसणं, चादरी धुणं, हे सगळं तिने कधी मोजलं नाही. पाय गेलेला नवरा तिने केव्हाच पत्करला होता. तिला सोसत नव्हता तो दुसराच माणूस, जो त्या गाडीतून पायांऐवजी आला होता. चहात साखर कमी म्हणून कप भिंतीवर फेकणारा. लेकीच्या शाळेच्या समारंभाला येतो म्हणून कबूल करून, "मी कधी म्हटलं?" असं तोंडावर विचारणारा. संध्याकाळी दिवा लावला की डोळ्यांवर हात धरून शिव्या देणारा. स्फोटाआधीचा तो कसा होता, हे आठवायचंसुद्धा तिने सोडून दिलं होतं. वसतिगृह म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आली ती घरातलीच त्यांची रिकामी झालेली खोली, आणि त्या खोलीत आडवी पडलेली ती स्वतः, एकटी.

आणि वर ते मांडीचं प्रकरण! गेल्या महिन्यात अंग पुसताना तिला त्याच्या मांडीवर टाचण्यांच्या बारीक टोचण्या दिसल्या. एक-दोन नव्हे, चाळण झाली होती. दोन पिकल्या होत्या. त्याला तिथे कळत नाही, म्हणून काय स्वतःला टोचत बसायचं? "कशासाठी हे?" तिने विचारलं, तर म्हणाला, "तुला काय करायचंय?" तिने रागाने त्याच्या खुर्चीच्या हाताला बांधलेली टाचण्यांची उशी सोडून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकली. जखम चिघळली म्हणून बारकीने त्याला कण्याच्या रुग्णांच्या दवाखान्यात नेलं. काल तिसऱ्यांदा जाऊन आली.

"मग ठरलं तर," आई म्हणाली. "उद्या जाऊन खोली बघून या."

"काही ठरलेलं नाही," बारकी म्हणाली. "आजी, मला बोलायचंय."

"तू बोलतच असतेस."

"डॉक्टरीणबाईंनी काल विचारलं, बाबांच्या डोक्याला कधी मार लागला होता का."

"डोक्याला? कणा मोडला त्याचा, कणा! एवढी शिकलेली बाई आणि रोगी कुठला तेही कळत नाही?"

"मीही तेच म्हटलं. तर त्या म्हणाल्या, कणा मोडण्याएवढा दणका बसला, तेव्हा डोकं काय काढून बाजूला ठेवलं होतं? म्हणाल्या, असे कितीतरी सैनिक येतात त्यांच्याकडे. पाय हलत नाहीत हे सगळ्यांना दिसतं, डोक्याकडे कुणी बघतच नाही. आणि मग विचारलं, त्याच्याही आधी कधी लागलं होतं का? मी त्यांना कपाची गोष्ट सांगितली."

कपाची गोष्ट म्हणजे या घराची सगळ्यात लाडकी गोष्ट. लग्नकार्यात, बारशात, कुणी पाहुणा आला की आई ती सांगतेच. थोरला सैन्यात मुष्टियुद्ध खेळायचा. शेवटच्या लढतीत दोनदा आडवा झाला, दोनदा उठला आणि समोरच्याला लोळवून कप जिंकला. आणि कप हातात घेऊन उभा असताना शेजारच्याला विचारतो, "कोण जिंकलं रे?" इथे सगळ्यांनी हसायचं असतं. लहानपणी बारकी तर हसून हसून लोळायची.

"मी हसत हसत सांगितली," बारकी म्हणाली. "त्या हसल्या नाहीत, आजी. त्यांनी विचारलं, अशा किती लढती खेळले? मग म्हणाल्या, गाडी उडाली तेव्हा किती वेळ बेशुद्ध होते? मला काय माहीत? तुला माहीत असेल. तू गेली होतीस ना भेटायला?"

आईने कपाकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे.

"बाईंनी बाबांना पाच शब्द सांगितले. बाबांनी धडाधड परत बोलून दाखवले, काका, तुम्ही म्हणता ना, अगदी तस्से. मग त्या इकडचं तिकडचं बोलल्या, जखम बघितली, आणि परत विचारलं. पाचातला एक शब्द आठवला नाही. एक!"

धाकटा हसला. "वा! म्हणजे आता हे नवीन सोंग. आधी पाय होते, आता डोकं. उद्या म्हणाल, जीभही त्याची नाही, शिव्या दुसराच कुणी देतो."

"सोंग नाही ते!"

"नाही? थांब. दादा, इकडे बघ." धाकट्याने टेप उचललाही नाही. "साडेएकवीस, सव्वाचौदा!"

"साडेएकवीस, सव्वाचौदा!" थोरल्याचा आवाज छपराच्या पत्र्याला लागून परत आला.

"ऐकलंत?" धाकट्याने टाळी वाजवली. "झोपलेल्याला उठवता येतं. झोपेचं सोंग घेतलेल्याला कुणाच्या बापाला उठवता येत नाही."

"आता आखून दाखवू दे ना," बारकी म्हणाली. "बाबा, मागच्या लाकडी घोडीवरून तुकडा घ्या आणि खडूने आखा. फक्त आखा."

थोरल्याने खुर्ची वळवली. चाक कुरकुरलं.

आकडा त्याच्या तोंडात होता. तोंडात नेहमीच असतो, चव असावी तसा. पण खुर्ची वळवताना चाक बघावं लागतं, टेबलाचा कोपरा बघावा लागतो, डोक्यावरच्या नळीदिव्याची ती गुणगुण ऐकावी लागते, आणि तेवढ्यात आकडा गेलेला असतो. कुठे जातो ते त्यालाही माहीत नाही. चुका फार व्हायला लागल्या तसं अलीकडे त्याने हे ओळखलं होतं. म्हणून तर वळायच्या आधीच त्याचा हात उशीकडे जायचा. डाव्या मांडीत दहा-दहाच्या टाचण्या, उजवीत सुट्ट्या, अर्ध्या-पावासाठी आडव्या. कापडात नुसत्या खोचल्या तर खुर्ची चालवताना पडायच्या. मांसात बसल्या की हलत नसत. मेलेली मांडी आहे, काहीतरी कामाला यावी.

आत्ताही त्याचा हात खुर्चीच्या हातापाशी गेला. तिथे उशी नव्हती. बोटं थोडा वेळ रिकाम्या नाडीशी खेळली आणि मांडीवर येऊन थांबली.

त्याने तुकडा ओढला, खडू घेतला आणि आत्मविश्वासाने आखलं. रेघ सरळ होती. धाकट्याने टेप लावला. अठरा, पंधरा.

पहिली बोलली ती थोरल्याची बायको, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"तो हात बघितलात? अहो, मांडीत तुम्ही आकडे टोचत होता?" ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आकडे? आणि मी उशी काढून घेतली. त्यानंतरच ना हा तागा गेला? बोला की!"

"मला काय माहीत तागा कधी गेला," थोरला म्हणाला.

धाकटा खाली वाकून टेबलाला टेकला. इतकी वर्षं ज्या माणसावर दात खाल्ले तो असा कुणी नव्हताच, हे कळल्यावर माणसाने काय करायचं असतं? रडायचं? त्याला रडू आलं नाही. त्याला राग आला, आणि ठेवायला जागा नसलेला राग फार वाईट.

"आई, तुला माहीत होतं," तो म्हणाला. "तू गेली होतीस तिकडे."

"हो, गेले होते," आई फटकन म्हणाली. "तीन दिवस डोळे उघडले नव्हते त्याने. उघडले तेव्हा मला ताई म्हणाला. मी तुमच्या वडिलांनाही सांगितलं नाही. का सांगू? पाय गेले म्हटलं की लोक उठून खुर्ची देतात. डोकं गेलं म्हटलं की पाठीमागे बोट फिरवून दाखवतात. उद्या या पोरीला स्थळ बघायला गेलं असतं, तर काय सांगितलं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि त्या मुठीत आम्ही गुदमरलो!" बारकी ओरडली. "आजी, आई रोज रडायची. तिला वाटायचं बाबांना ती नकोशी झाली. काका त्यांच्याशी जेवताना बोलत नाहीत. आणि तू तो कप पुसत बसलीस?"

"बारके, आवाज खाली."

"नाही करणार खाली! आता औषधपाणी होईल. बाई म्हणाल्या, पूर्वीसारखं होणार नाही, पण शिकवता येतं. लिहून ठेवायचं, एका वेळी एकच काम, डोळ्यांना दिव्याचा त्रास होतो त्यावर चष्मा. तो मीच बनवून घेईन. फक्त सगळ्यांनी मान्य करायला हवं."

"मान्य," धाकटा म्हणाला, आणि बारकीला क्षणभर वाटलं, जिंकलं. "मान्य केलं मी. त्याचा दोष नाही. पण मग तर प्रश्नच मिटला. खोडी काढणाऱ्याला दम देऊन सरळ करता येतं. ज्याचं डोकंच ठिकाणावर नाही, त्याला कापायला बसवता येत नाही. आज नाही, कधीच नाही. या टेबलाला नवे पाय लावतो मी उद्या."

थोरल्याने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. ती कड त्याच्या तळव्यांनी घासून गुळगुळीत झाली होती. या घरात त्याचं स्वतःचं असं हेच एवढं होतं. अंथरुणावर तो ओझं होता, जेवणाच्या पानावर तो अडचण होता. इथे तो कापणारा होता.

"मुद्दाम केलं मी," तो म्हणाला.

"बाबा!"

"गप बस गं. मुद्दाम केलं. कारखाना याच्या नावावर झाला, मला नोकरासारखा ओरडतो, आला राग. कापला तागा. आत्ताही मुद्दाम चुकीचं आखलं. डोक्याबिक्याला काही झालेलं नाही मला. तुझ्या त्या डॉक्टरीणबाईला सांग, पुढच्या वेळी येत नाही म्हणून."

"खोटं बोलताय तुम्ही. सगळ्यांसमोर खोटं बोलताय!"

"ऐकलंस?" आई धाकट्याला म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा सुटल्यासारखं दिसलं. "तो स्वतः म्हणतोय. मुद्दाम केलं. झालं तर मग. भावाभावांत होतं असं. माफी माग रे त्याची."

"माफ कर," थोरला लगेच म्हणाला. आकडा परत बोलावा तसा.

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं 'मुद्दाम करतो' असं तो घसा कोरडा करून सांगत होता आणि थोरला नाही म्हणत होता. आज थोरला हो म्हणत होता, आणि आज त्याला माहीत होतं की ते खरं नाही. मग त्याने नव्या ताग्याची गुंडाळी टेबलावर आपटली.

"ठीक आहे. मुद्दाम ना? मग आता मुद्दाम बरोबर काप. एक पाठ. माझ्यासमोर. चुकलास तर उद्या सकाळी वसतिगृह, आणि मग आईने मध्ये पडायचं नाही. सत्तावीस, साडेएकोणीस!"

"सत्तावीस, साडेएकोणीस!"

थोरल्याने खुर्ची वळवली.

त्याच्या बायकोला ती रिकामी खोली पुन्हा दिसली. तिने फक्त जागेवर उभं राहायचं होतं. एवढंच. तो वळेल, विसरेल, चुकेल, आणि उद्या संध्याकाळी ती त्या खोलीत आडवी पडलेली असेल. कुणी तिला काही म्हणणार नव्हतं. त्याचा हात नाडीपर्यंत गेला, मांडीवर आला. बोटं मांडी चाचपत होती.

"मरा मेले सगळे," ती म्हणाली आणि मागे गेली. डब्याचं झाकण खणखणत खाली पडलं. ती उशी घेऊन आली, टेबलाच्या पलीकडे त्याच्यासमोर उभी राहिली आणि स्वतःच्या डाव्या बाहीत टाचण्या खोचायला लागली. वर दोन, दहा-दहाच्या. खाली सात सुट्ट्या. मग उजव्या बाहीत दुसरा आकडा.

"वहिनी, हे नियमात बसत नाही," धाकटा म्हणाला.

"लिहायचं नाही, असा नियम आहे ना तुमचा? मी कुठे लिहितेय?"

"अगं, तू तर परवा..." आई म्हणाली.

"परवाचं परवा. आणि कुणी मला सती सावित्री समजू नका. प्रेमाबिमाने करत नाही मी हे." शेवटची आडवी टाचणी बाहीतून आत गेली आणि तिला टोचली. तिला टोचतं, एवढाच त्या दोघांत फरक.

थोरल्याने वर बघितलं. तिच्या बाह्यांवरून त्याची नजर एकदा फिरली, मग कापडावर गेली, परत वर आली. खडू चालला. मग कात्री. त्या लांब कात्रीचा तो सरळ, एकसारखा आवाज या कारखान्यात दुसऱ्या कुणाच्या हातून येत नाही.

धाकट्याने टेप लावला. एकदा लांबीला, एकदा रुंदीला. मग टेप गुंडाळून खिशात टाकला, पाठीच्या पट्ट्यावर हात दाबत सरळ झाला आणि म्हणाला, "बरोबर आहे."

"मी म्हटलंच होतं," आई म्हणाली आणि उठली. "चला, चहा टाका कुणीतरी."

बारकीने आपल्या आईच्या खांद्याला हात लावला. "आई, काढ त्या. रक्त येतंय तुला."

थोरल्याच्या बायकोने उजव्या हाताने डाव्या बाहीतली पहिली टाचणी धरली. तेवढ्यात थोरल्याने कापलेला तुकडा बाजूला सरकवला, ताग्याचं टोक स्वतःकडे ओढलं आणि खाली बघतच म्हणाला, "राहू दे गं. अख्खा तागा बाकी आहे."